नकाशावर नसलेली बोडी

पुण्यात परतल्यापासून जो भेटेल तो विचारतो, नागपूरच्या पुढे एवढं आहे तरी काय? मी सांगते, तलाव आहेत. मोठे, मधले, आणि इतके लहान की आपल्याकडे त्यांना कुणी डबकं म्हणेल. मी मूळची सातारा जिल्ह्यातल्या माण भागातली. आमच्याकडे पाणी विहिरीत वाकून बघावं लागतं. त्यामुळे गावागणिक तलाव असलेला गोंदिया जिल्हा बघायला मी एरवीही गेले असते. पण गेले ते कामासाठी. तिथल्या एका सरकारी कार्यालयाला आपल्या सगळ्या तलावांचा नकाशा इंटरनेटवर हवा होता. आणि बनवणारी निघून गेल्यावरही तो चालू राहायला हवा होता.

ही शेवटची अट माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठी. असा नकाशा पूर्वी एकदा बनला होता आणि बंद पडला होता. तो बनवणाऱ्यांत मीही होते. तेव्हा मी पुण्यातल्या एका कंपनीत नवीनच लागले होते. गोंदिया बघितलंही नव्हतं. उपग्रहाच्या छायाचित्रांवरून तलावांच्या कडा आखायच्या, एवढंच माझं काम. पुढे मी ती कंपनी सोडली, मग कंपनीच उरली नाही. या खेपेला काम माझ्या एकटीवर होतं आणि हातात एक आठवडा.

सोमवार, गोंदिया

स्टेशनबाहेर ऑटोवाल्यानं विचारलं, "कहाँ छोड़ दूँ, मैडम?" मी मराठीत पत्ता सांगितला. त्यानंतर तो मराठीत सुरू करून हिंदीत संपणारी वाक्यं बोलत राहिला. गोंदिया शहर असंच बोलतं. नाक्यावर पोह्यांवर हरभऱ्याची लालभडक तर्री ओतून मिळाली. आमच्याकडे पोह्यांवर खोबरं असतं हे मी बोलून गेले, तर पोहेवाला म्हणाला, "मंग त्याले चव कुठून येते?"

कार्यालयात माझी वाट बघत बसले होते रहांगडाले. त्यांचं पद अनुरेखक, म्हणजे पारदर्शक कागदावर नकाशे हातानं गिरवणारा माणूस. निवृत्तीला काही महिने उरलेले. टेबलावर टोक काढलेल्या पेन्सिली ओळीनं मांडलेल्या. घरून फोन आला की आपल्या समाजाच्या पोवारीत बोलायचे आणि फोन ठेवला की माझ्याशी तिकडच्या मराठीत, झाडीबोलीत.

त्यांनी संगणकावर जुना नकाशा उघडला. पांढरं पान, त्यावर राखाडी चौकोन.

"हे असंच दिसून राहिलं, म्याडम, चार सालापासून."

"कुणाला कळवलं नाही?"

"कळवलं न जी. ज्याच्यापाशी पासवर्ड होता तो दुबईले गेला म्हनतेत."

नकाशाची पार्श्वभूमी एका परक्या कंपनीच्या सेवेवरून येत होती, तिची मुदत संपली होती. सर्व्हर कुणाच्या तरी खासगी नावावर होता. म्हणजे कार्यालयाच्या नकाशातलं काहीच कार्यालयाचं नव्हतं. पण बंद पडण्याआधी त्यातून तलावांची एक छापील यादी काढून ठेवलेली होती. दरवर्षी दुरुस्तीची आणि गाळ काढायची कामं अजूनही त्याच यादीवरून ठरत होती.

दुपारी साहेबांना भेटले. साहेब म्हणजे कार्यालयाचे प्रमुख अभियंता. तरुण, नीटस, घाईतले. त्यांनी दुसऱ्या कुठल्याशा जिल्ह्यात पडद्यावर त्रिमितीत गरगर फिरणारा तलाव बघितला होता. त्यांना तसाच हवा होता.

"तो फिरवणारा माणूस निघून गेल्यावर तो फिरतो का?" मी विचारलं.

साहेब हसले, पण पटल्यासारखे दिसले. "शुक्रवारी बैठक आहे. या वर्षीच्या कामांची यादी तुमच्या नकाशावरूनच काढायची म्हणतोय. तोवर उभा करा."

माझा बेत साधा होता. तलावांची माहिती रहांगडाले रोज वापरतात तशाच एका तक्त्यात ठेवायची. कडांच्या फायली कुठल्याही संगणकावर उघडतील अशा. पार्श्वभूमीचा नकाशा जिल्ह्यापुरता तुकडे करून कार्यालयाच्याच यंत्रावर. तक्त्यात काही बदललं की एक हिरवं बटण दाबायचं, नकाशा बदलतो. आणि हे सगळं कसं करायचं ते रहांगडाल्यांनी आपल्या अक्षरात वहीत लिहून काढायचं. मी लिहून दिलं तर ते माझं राहील, असं मी म्हणाले. त्यांनी लगेच नवी वही काढली आणि समास आखला.

मंगळवार, नवेगाव बांध

पूर्वी आखलेल्या कडा नव्या नकाशात घेण्याआधी जागेवर जुळतात का, हे बघायला रहांगडाल्यांबरोबर जीपनं निघालो. धान कापून झालं होतं. शेताशेतांत तणसाचे, म्हणजे भाताच्या पेंढ्याचे ढीग, खाचरांमधून उरलेल्या ओलीवर लाखोरी नावाची डाळ उगवलेली. नवेगाव बांधचा तलाव इतका मोठा की पलीकडचे डोंगर पाण्यातच उभे वाटतात. काठावर जाळी वाळत होती. इथं कडा बऱ्यापैकी जुळल्या. एवढा तलाव चुकवणं तसं अवघडच.

जेवायला बसलो ती खाणावळ म्हणजे एका घराची ओसरी. भाताचा डोंगर, लाखोरीची डाळ, मरळ माशाचा रस्सा. मी पोळी आहे का विचारलं. वाढणाऱ्या बाई थबकल्या. "पोळी? आज कोनाचं लगन हाय?" मी निमूट भात कालवला. तिसऱ्या वाढपाला नको म्हणावंसं वाटलं नाही, इतका तो रस्सा चांगला होता.

हात धुऊन आलो तर जीपजवळ एक बाई उभ्या. पन्नाशीच्या, काटक, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाइल. नाव पारबताबाई. ढिवर समाजाच्या, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्या. मोहटोला गावातल्या बायकांचा गट चालवतात. तलावाचे नकाशेवाले आलेत हे ऐकून त्या एसटीनं आल्या होत्या.

"तुमीच का नकाशेवाल्या?"

"हो."

"मंग सांगा, आमची बोडी नकाशात काऊन नाही?"

बोडी म्हणजे लहान तलाव. त्यांच्या गटानं बोडीतली झुडपं काढून गाळ उपसण्यासाठी दोनदा अर्ज केला होता. दोन्ही वेळा एकच शेरा मारून परत आला होता : सदर तलाव यादीत आढळून येत नाही. रहांगडाल्यांनी फाइल चाळली. तीत निस्तार पत्रकाची प्रत होती. गावातल्या कुठल्या जागेवर गावकऱ्यांचा कसला हक्क आहे, याची ही जुनी सरकारी नोंद. बोडी तीत होती, गट क्रमांकासह.

"पान्यात हाय, कागदात हाय," पारबताबाई म्हणाल्या. "मंग नकाशात कायले नाही?"

उपग्रहाच्या चित्रात कधीकधी लहान पाणी दिसत नाही, असं काहीतरी मी म्हणाले. त्यांनी पत्रकातल्या गट क्रमांकावर बोट ठेवलं. रहांगडाल्यांनी फाइल बंद केली. "चला, उद्या पाहूनच येऊ."

बुधवार, मोहटोला

पार, म्हणजे तलावाचा बांध, चढून वर आलो आणि मला वाटलं आपण शेताशी आलो. खाली सगळं हिरवं होतं. बेशरमाची उंच झुडपं, निळसर फुलं, मधून पाणगवत. पारबताबाई सरळ त्या हिरव्यात उतरल्या आणि कंबरेपर्यंत आत गेल्या तेव्हा पाणी दिसलं. एका कोपऱ्यात मात्र झुडपं काढून पाण्याचा आरसा केलेला होता. ते काम गटातल्या बायकांनी दोन वर्षांत हातानं केलं होतं. तिथं त्यांनी माशांना अंडी घालायला लागतात त्या पाणवनस्पती आणून लावल्या होत्या, एकेक रोप चिखलात पायानं दाबून.

"हे तोडलं का परत येते," एक बाई बेशरमाकडं बोट करून म्हणाली. "मुळासकट मशीननंच निघते."

मी टॅबलेट घेऊन कडेकडेनं चालायला सुरुवात केली. चालता चालता कड आपोआप आखली जाते, हे मी मोठ्या उत्साहानं सगळ्यांना समजावून सांगितलं आणि दहाव्या पावलाला पारावरून घसरले. मी गुडघाभर चिखलात आणि टॅबलेट त्याहून खोल. एका बाईनं पायानं चाचपून तो वर काढला, पदरानं पुसला, पण तो पुन्हा सुरू झाला नाही. बायका पोट धरून हसल्या. नंतर त्यांनीच माझी सलवार पिळून दिली.

रहांगडाले हसले नाहीत. त्यांनी झोळीतून होकायंत्र, फीत आणि कागद काढला. फितीचं एक टोक पारबताबाईंनी धरलं, दुसरं मी. ते मागून आकडे लिहीत, वाकून दिशा बघत चालले. हिवाळ्याचं ऊन अंगावर बरं वाटत होतं. बायका सांगत होत्या, जास्तीचं पाणी कुठून सुटतं, उन्हाळ्यातही कुठला खड्डा आटत नाही, शिंगाडे कुठे लावायचे. रहांगडाले सगळं लिहून घेत होते. माझ्या टॅबलेटनं यातलं काही विचारलं नसतं. दोन तासांनी कागदावर बोडीची बंद आकृती उमटली, शेवटची रेघ पहिल्या बिंदूला केसभर फरकानं मिळाली. "चालते," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून ही मोठीच शाबासकी असावी, कारण ती त्यांनी स्वतःलाच दिली होती.

संध्याकाळी कार्यालयात परतल्यावर मी जुन्या नकाशाच्या फायली शोधल्या. आमच्या त्या बंद पडलेल्या कंपनीनं काम सोपवताना दिलेली डिस्क कपाटात होती. तीत एक तक्ता होता, 'वगळलेले' नावाचा. सरकारी जुन्या नोंदींत असलेले पण छायाचित्रात उघडं पाणी न दिसलेले तलाव त्यात टाकले होते. छायाचित्र मे महिन्यातलं, पाणी सगळ्यात कमी असतं तेव्हाचं. मोहटोल्याची बोडी त्या तक्त्यात होती. शेवटच्या रकान्यात तपासणी करणाऱ्याची आद्याक्षरं. ती माझी होती.

मी खूप आठवून बघितलं. ती ओळ, ते गाव, काहीच आठवेना. पुण्यातल्या गार खोलीत बसून मी ती ओळ एका झटक्यात वगळली असणार, आणि चहाला उठले असणार. आठवत नाही याचंच मला जास्त लागलं. तक्ता खाली सरकवत गेले. प्रत्येक ओळीपुढे तीच दोन अक्षरं होती आणि तक्ता संपता संपत नव्हता.

गुरुवार, गोंदिया आणि बोदलकसा

सकाळी रहांगडाल्यांना दाखवलं. ते चष्मा कपाळावर नेऊन तक्ता खालपर्यंत वाचत गेले.

"तवा तुमी नवीन होत्या."

"हो. पण चूक माझीच आहे."

"मंग साहेबाले सांगा लागते."

साहेबांनी ऐकून घेतलं आणि दार लावायला सांगितलं. "बैठकीच्या आदल्या दिवशी तुम्ही मला सांगताय की नकाशा चुकीचा आहे?"

"अपुरा आहे."

"आहे ते दाखवा. बाकीचं पुढच्या वर्षी बघू. एक वर्षानं काय फरक पडतो?"

खरं सांगायचं तर क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. माझं काम वेळेत संपत होतं. कुणाला काही कळणार नव्हतं. मग मला पारबताबाईंच्या फाइलमधले ते दोन शेरे आठवले. मी म्हणाले, "वगळलेले तलाव परत घेतल्याशिवाय मी हा नकाशा तयार म्हणून देणार नाही."

"न तपासलेले तलाव मी बैठकीत कसे दाखवू? कुणी विचारलं, हे आहेत की नाहीत, तर?"

दाराशी उभे असलेले रहांगडाले घसा साफ करून म्हणाले, "साहेब, गिरवताना मूळ रेघ पुसट असली तं आमी तुटक रेघ काढतो. सोडून नाही देत."

साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुटक म्हणजे पडताळणी बाकी?"

"हो जी. पाहून आलो का जोडून टाकू."

"करा," साहेब म्हणाले. आवाजात राग होता, पण पुढच्या क्षणी त्यांनी स्वतःहून विचारलं, "मोहटोल्याची मोजणी झाली ना? मग ती सलग काढा."

दुपारपर्यंत वगळलेले सगळे तलाव जुन्या नोंदींतल्या गट क्रमांकांवरून, तुटक रेघांनी नकाशावर परत आले. नेट कमी असतं तिथं हे उघडतं का, हे बघायला आम्ही तिरोड्याच्या बाजूनं बोदलकसाला गेलो. वाटेत वीजकेंद्राच्या चिमण्या बराच वेळ खिडकीत राहिल्या, मग जंगल लागलं आणि फोनवरच्या सिग्नलच्या काड्या एकेक करत एकीवर आल्या. जलाशयावरच्या चौकीदाराचा फोन काच तडकलेला, जुना. त्याच्याच फोनवर उघडायला सांगितलं. नकाशा चौकोनाचौकोनानं आला, धान मोजल्यासारखा सावकाश, पण आला. बोदलकसा सोडून त्यानं आधी आपलं गाव शोधलं. गावामागच्या बोडीवर बोट ठेवून म्हणाला, "हे तुटक काऊन?"

"अजून तपासायचीय."

"तपासाचं का हाय त्यात? मी तिथंच तं पोहाले शिकलो."

रहांगडाल्यांनी गावाचं नाव वहीत लिहून घेतलं.

शुक्रवार, गोंदिया

बैठकीला मला बोलावलं नव्हतं. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले, शेजारी पारबताबाई. त्या सकाळच्या एसटीनं आल्या होत्या, निस्तार पत्रकाची साक्षांकित प्रत घेऊन. तासाभरानं रहांगडाले बाहेर आले आणि मान डोलावली. मोहटोल्याची बोडी या वर्षीच्या यादीत आली होती.

पारबताबाईंनी पदरानं तोंड पुसलं. तेव्हा मी त्यांना सांगितलं. बोडी पुसणारी मीच होते, कशी पुसली, तेही. मला वाटलं, त्या म्हणतील जाऊ द्या. त्या तसं म्हणाल्या नाहीत.

"दोन साल," त्या म्हणाल्या. "दोन साल माह्या बाया त्या पान्यात उभ्या राहून बेशरम तोडून राहिल्या. एकीच्या पायाले काच लागली, ते अजून लंगडते. तुमी एकडाव येऊन पाहून गेल्या असत्या तं?"

"चुकलंच माझं."

"चुकलंच." त्यांनी फाइल पिशवीत घातली, पिशवीला गाठ मारली. मग विचारलं, "बाकीच्या तुटक वाल्या कोन पाहील?"

उत्तर रहांगडाल्यांनी दिलं. "मी पाहीन. रिटायर होतवरी."

"आन मंग?"

"मंग माह्या जाग्यावर येल त्याले शिकवीन."

एवढं बोलणं झाल्यावर शेवटची परीक्षा उरली होती, आणि ती माझीही होती. तक्ता आणि कडांच्या फायली तेवढ्या ठेवून मी कार्यालयाच्या संगणकावरून नकाशा पूर्ण पुसून टाकला. रहांगडाल्यांचा चेहरा उतरला. "आता वहीत बघून परत उभा करा," मी म्हणाले आणि बाहेर येऊन बसले. चहा आला. आतून कळफलकाचे सावकाश आवाज येत होते, एका बोटाचे. मग ते थांबले. बराच वेळ काहीच नाही. मला माहीत होतं ते कुठे अडले असतील. मी उठले.

पारबताबाईंनी माझा दंड धरून मला खाली बसवलं. "जाऊ नका. करू द्या त्यायले."

मी बसले. दुसरा चहा गार झाला. आत पानं उलटल्याचा आवाज, मग पुन्हा बोट. थोड्या वेळानं रहांगडाले दाराशी आले. चष्मा पुसत बाजूला झाले, आम्ही आत जाऊन बघावं म्हणून. पडद्यावर जिल्हा उभा होता, सलग आणि तुटक रेघांसकट. वहीच्या समासात जिथे ते अडले होते तिथे एक नवी ओळ लाल पेन्सिलीनं लिहिलेली होती. मी सांगायची विसरले होते तीच पायरी.

पुणे

शनिवारच्या गाडीनं परतले. त्यानंतर कामं, दुसरे जिल्हे, दुसरे नकाशे. अधूनमधून गोंदियाचा नकाशा उघडून बघायचे. सुरुवातीला आठवड्याला एखादी तुटक रेघ सलग व्हायची. मग तीन महिने काहीच हललं नाही आणि मला धास्ती वाटली. रहांगडाले निवृत्त झाले असणार, हे लक्षात होतं. मुद्दामच फोन केला नाही.

परवा उघडला तर चौकीदाराच्या गावाची रेघ सलग होती, आणखी कितीतरी गावांचीही. शिवाय माहितीच्या तक्त्यात एक नवा रकाना होता, मी न केलेला : 'बेशरम काढली का'. मोहटोल्यापुढे लिहिलं होतं : काम सुरू.

मला राहवलं नाही. नकाशाखालच्या क्रमांकावर फोन लावला. एका अनोळखी, तरुण बाईचा आवाज आला.

"बोला जी."

"रहांगडाले आहेत?"

"ते रिटायर झाले. काय काम होतं?"

"त्या तलावांच्या नकाशाबद्दल…"

"आता माह्याकडं हाय ते. गाव सांगा."

"मोहटोला."

"हाय जी नकाशात. मशीन लागून हाय तिथं. तुमी मोहटोल्याच्या का?"

"नाही. पुण्याची."

"पुन्यात बसून कायले पाहून राहिल्या?"

"नकाशा उघडला होता, तर…" मी सुरुवात केली. तिनं मधेच तोडून आपल्या परीनं अर्थ लावला.

"उघडून नाही राहिला का तुमच्याकडं? घाबरू नका, सोपा हाय. असं करा. आधी जिल्हा येल, येऊ द्या सावकाश. मंग तुमाले पाहाचा तो तलाव बोटानं दाबा. सलग रेघ हाय म्हनजे कोनी जाऊन पाहून आलं. तुटक हाय म्हनजे अजून जाचं हाय. समजलं का?"

"समजलं," मी म्हणाले.